विहिरीतले सहा आणे

आमच्या मुळशी खोऱ्यात पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ते भाताच्या एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते, तिथून ओढ्याला मिळते, आणि वाटेत कुणाची हद्द ओलांडली हे विचारायचे कुणाला सुचत नाही. त्यामुळे गेल्या माघात पुतणीसाठी स्थळे पाहायला मी बारामती-इंदापूरकडे गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी तिथे जी भाषा कानावर पडली ती मला कळलीच नाही.

ही पुतणी म्हणजे सुमन. माझा थोरला भाऊ ती तीन वर्षांची असताना तापाने गेला. वहिनींनी दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी करून तिला वाढवले. मी गावच्या शाळेत मास्तर, माझा हातभार पगाराच्या मानाने. निघताना वहिनी एवढेच म्हणाल्या, "घर साधं असलं तरी चालेल. पण पोरीला दुसऱ्याच्या बांधावर राबायला लागू नये, तेवढं बघा." त्यांनी आंबेमोहोर तांदळाच्या दोन पुरचुंड्या बांधून दिल्या, दोन्ही घरी द्यायला.

बारामती

बारामतीत माझे आत्तेभाऊ गणपतराव एका आडतीवर कामाला आहेत. गूळ आणि कांद्याच्या निमित्ताने आसपासची सगळी गावे त्यांच्या पायाखालची. दोन्ही स्थळे त्यांनीच सुचवलेली. रात्री जेवताना मी विचारले, "मुलांकडे जमीन किती आहे?"

"जमीन इचारून काय करता, दादा?" ते म्हणाले. "हितं जमिनीला तोटा न्हाय. पाणी किती आणे हाय ते इचारा."

मग त्यांनी समजावून सांगितले. कालव्याखालच्या गावांत पाणी सरकारचे, पाळीने मिळणारे. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, सुप्याकडे, सगळा भार विहिरींवर. एकट्याची विहीर क्वचित. आजोबा-पणजोबांनी मिळून खणलेली, आणि पुढे भावाभावांत वाटली गेलेली. विहीर म्हणजे सोळा आणे. ज्याचे चार आणे, त्याला आठवड्यातून ठरलेले दिवस मोट धरता येते. कुणी मुलीला देताना, कुणी गहाण टाकताना, कुणी भांडून तोडताना हे आणे मोजतो. आण्यांऐवजी नवे पैसे सुरू होऊन वर्ष होत आले होते आणि बाजारात रोज हिशेबाचा गोंधळ चालला होता, पण विहिरीचे आणे कुणी मोडले नव्हते.

"विहिरीत नवे पैसे न्हाई चालत," गणपतराव म्हणाले, आणि ते गंमत म्हणून म्हणाले नव्हते.

लासुर्णे

पहिले स्थळ लासुर्ण्याला. एस.टी.तून उतरल्यावर दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती लागल्या. वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा झाला तसे गाड्या हाकणाऱ्यांनी बैल थोडे जोरात चालवले. आमच्याकडे माघात रान पिवळे पडते. इथला हिरवेपणा पाहून मला वाटले, आपण वर्षातल्या दुसऱ्याच कुठल्या महिन्यात येऊन पोचलो.

मुलाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. पक्क्या विटांचे घर, पुढे फरशी, दारात दोन गाड्या. तात्यांनी आधी गुऱ्हाळावर नेले. कढईतली गरम काकवी द्रोणात घालून दिली, वर भुईमुगाचे दाणे. दुपारी पुरणपोळी आणि त्यावर दुधाची वाटी, रिकामी होण्याआधी भरली जाणारी. मुलगा मॅट्रिकपर्यंत शिकलेला, बोलायला मृदू. तात्यांच्या मंडळींनी तांदळाची पुरचुंडी उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "असला तांदूळ आमच्या हितं सणाला मिळत न्हाय." मी मनातल्या मनात सुमनला त्या फरशीवर बसवून पाहिले. खोटे कशाला सांगू, मला ते घर फार आवडले.

जेवणानंतर तात्या पान लावत बसले होते, म्हणून मी एकटाच रानाकडे गेलो. घरामागच्या उसापलीकडे एक मोकळा तुकडा दिसला. त्यात पीक नव्हते, वर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर होता. कडक जमीन समजून मी पाय टाकला आणि पोटरीपर्यंत आत गेलो. पाय निघाला, वहाण निघाली नाही. भाताच्या आवणातल्या चिखलात मी जन्मभर चाललो आहे, पण माघातल्या उन्हात, डोक्यावर ढग नसताना, तळपायाला लागलेले ते थंड पाणी मला चांगले वाटले नाही.

तात्या मागून आले. त्यांनी काठी घालून माझी वहाण काढून दिली आणि पाटाच्या पाण्याखाली स्वतः धुतली.

"दोन एकर गेलं असं," ते म्हणाले. "कालव्याचं पाणी मुरतं मुरतं, आन् आता खालनं वर यायलंय. आमची विहीर बघा. हातानं तांब्या बुडवून घ्या. माझ्या वडलांच्या वख्ताला त्याच विहिरीवर मोट हुती."

"मग पाणी कमी द्यायचं उसाला."

"मी दिलं कमी. वरच्यानं न्हाय दिलं. त्याचं माझ्यात उतरतं."

"यावर उपाय काहीच नाही?"

"हाय की. चर खणायचा. हितनं ओढ्यापतुर. पन मधी पाच जणांची रानं हायत. त्यांच्या रानात अजून क्षार न्हाय, ते म्हणत्यात, आमी आमची काळी का फोडू? त्यांचंबी बराबर हाय. एक गुंठा कोन सोडंल?"

मी विचारले, "आणि त्यांच्या रानातही हे आलं तर?"

तात्यांनी वहाण माझ्यापुढे ठेवली. "यील की. सगळ्यांचं बुडालं म्हंजी सगळे मिळून चर खणतील. तवर माझं उरंल का न्हाय, ते काय सांगू."

ते कडवटपणे बोलले नाहीत. पाहुण्याला घराची डागडुजी सांगावी तसे बोलले. निघताना त्यांनी गुळाची ढेप दिली आणि म्हणाले, "बघा, आमचं तुमच्यापासनं काय लपवलं न्हाय." तेही खरे होते.

बारामतीला परत आल्यावर मी गणपतरावांना सांगितले, मला हेच पसंत आहे. दोन एकर गेले तरी बारा आहेत. ते म्हणाले, "सुपं तरी बघून घ्या. तितं सांगून ठेवलंय."

सुप्याजवळची वाडी

सुप्याकडे जाताना हिरवा रंग हळूहळू विरत गेला आणि नुसता माळ उरला. दूरवर हरणांचा एक कळप उभा होता. आम्ही जवळून गेलो तरी ती फक्त मान वळवून पाहत राहिली. गणपतराव सुप्याच्या बाजारात थांबले आणि मी पायवाटेने वाडीवर गेलो.

मुलाचे वडील आबा. साठीचे, अंगाने वाळके, बोलायला कमी. घर मातीचे, पण सारवण ताजे. मी टेकतो न टेकतो तोच ते म्हणाले, "मास्तर, च्या घ्या आन् चला विहिरीवर. शंकर तितंच हाय. मुलगा बघायचा तर कामावर बघा."

विहीर दगडाने बांधलेली, रुंद तोंडाची, खोल. तीत आबांचे आठ आणे, त्यांचा चुलतभाऊ रामराव याचे चार, आणि दुसरा चुलतभाऊ वारला त्याची बायको हौसाबाई हिचे चार. त्या दिवशी पाळी हौसाबाईची होती. तिच्याकडे एकच बैल उरलेला, म्हणून आबांची बैलजोडी जुंपून शंकर तिची मोट हाकत होता. खाली तिचा कांदा होता, गड्डा धरायला लागलेला. या दिवसांत कांद्याला पाणी चुकले तर तो लिंबाएवढाच राहतो, असे हौसाबाईने मला आपणहून सांगितले. ती बांधावर खोरे घेऊन उभी होती, पाण्याची वाट पाहत.

बैल उतारावरून खाली गेले, मोट वर आली. अर्धी भरलेली. पुढची आली तीत गढूळ पाणी. त्याच्या पुढची आली आणि थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडात, नुसता गाळ पडला. शंकरने बैल थांबवले. तो कठड्यावर वाकून खाली पाहत राहिला. तेव्हा मला चढाच्या बाजूने येणारा आवाज स्पष्ट ऐकू आला, ठक्‌ ठक्‌ ठक्‌, एकसारखा. तेलावरचे इंजिन.

"रामाचं," आबा म्हणाले. "औंदा त्यानं वर सोताच्या रानात नवी विहीर पाडली. सुरुंग लावून आमच्याहून खाली गेला. त्याचं इंजिन सुरू झालं की आमचा झरा बंद."

मी विचारले, "त्याला तसं करता येतं?"

"येतं की. रान त्याचं, खालचं पाणी त्याचं. मामलेदाराच्या कचेरीत इचारून आलोय मी. हितले आणे फकस्त ह्या दगडातल्या पाण्याचे हायत."

हौसाबाई बांधावरून वर आली. तिने थारोळ्यातल्या गाळाकडे पाहिले. रडली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. "भावजी, आता?" एवढेच म्हणाली.

"उद्या माझी पाळी हाय, ती तू घे. रातच्याला साठंल तेवढं तुझं."

शंकर बैल सोडत होता. बापाचे बोलणे त्याने ऐकले. सव्वीस-सत्तावीसचा असेल. हात बैलांच्या मानेवर हळू फिरत होते.

घरी आल्यावर आबांनी मला समोर बसवले आणि स्पष्ट सांगितले. "मास्तर, तुमी सोयरिकीला आलाय. आठ आणे पाणी सांगितलंय तुमाला. ते आठ आणे आता कशाचे, माझं मलाच ठावं न्हाय. तुमी पोरगी द्या न्हायतर नका देऊ, पन हे ऐकून द्या."

लासुर्ण्याला पाणी वर येत होते, इथे खाली जात होते, आणि दोन्ही ठिकाणी एकाच्या रानातले दुसऱ्याला भोवत होते.

संध्याकाळी आबांच्या मंडळींनी माझाच तांदूळ शिजवला, बरोबर बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि लसणीचा ठेचा. आम्ही जेवत असताना चढावरच्या इंजिनाचा आवाज बदलला. तो एकदम हलका, वेगळाच झाला, मग थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा थांबला. आबांनी घास हातातच धरला.

"हवा वढतंय," शंकर म्हणाला.

"व्हय," आबा म्हणाले. "त्याचंबी संपलं."

त्यांनी भाकरी पुरी केली, हात धुतले आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, जरा चला माझ्यासंगं. परका मानूस असला की भावाभावात आवाज चढत न्हाय."

रामराव आपल्या नव्या विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. दगडांचा ढीग अजून तसाच पडलेला होता. मला वाटले होते, हा कुणी मुजोर माणूस असेल. तो हाताला तेल लागलेला, थकलेला, चाळिशीचा गृहस्थ होता. आबांना पाहून उठला. हौसाबाईला शंकरने बोलावून आणले. इंजिनाच्या तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

"किती येळ चालतं?" आबांनी विचारले.

रामरावने तेलाचे हात धोतराला पुसले. "दीड तास," तो म्हणाला. "पयल्यांदा दिसभर चालायचं."

"मग आमचा झरा बंद करून तुला काय मिळालं?"

"आबा, मी काय हौसंनं खणली? चार आण्यात माझ्या घरची सात तोंडं भागत न्हवती. दोन साल पावसानं दगा दिला. तुमी मला तवा एक दिस जादा दिला हुता का?"

आबांनी मान खाली घातली. "न्हाय दिला," ते म्हणाले. "तितं माझं चुकलं."

रामरावला हे अपेक्षित नसावे. तो पुन्हा खाली बसला.

"आता ऐक," आबा म्हणाले. "मीबी उद्या सुरुंगवाले आणीन. तुझ्याहून खाली जाईन. तुझं पाणी माझ्याकडं यील. मग तू खाली जाशील. असं काळा खडक लागंपतुर आपन दोघं उतरू. खडकाखाली काय हाय? आन् ही हौसा कुठं जाईल?"

"कोर्टात जावा की. पाणी माझ्या रानातलं हाय."

"समज गेलो, आन् जिकलोबी. झरा कोर्टाचं ऐकंल व्हय?"

पुढे बराच वेळ बोलणे झाले. आबांचे म्हणणे असे: दोन विहिरी धरायच्याच नाहीत, पाणी एकच धरायचे. दोन्ही मिळून सोळा आणे. ज्याची पाळी त्याने इंजिन लावायचे, त्या दिवसाचे तेल त्याचे. जुन्या विहिरीत आतून जी दगडी पायरी आहे, पाणी तिच्याखाली गेले की इंजिन बंद, कुणाचीही पाळी असो. ऊस कुणीच लावायचा नाही. दसऱ्याला तिघांनी पाणी बघून रब्बी ठरवायची. आणि नवी विहीर तिघांच्या होकाराशिवाय पाडायची नाही.

"म्हंजी माझा घाम, माझं इंजिन, आन् मी चार आण्याचाच धनी?" रामराव म्हणाला.

"न्हाय. तू सहाचा. हौसाचे चार तसेच. माझे आठाचे सहा."

हौसाबाईने पदर नीट केला आणि पहिल्यांदाच मध्ये बोलली. "पायरीचं कोन बघनार? रामभावजींनी रातीत चालवलं तर?"

"तू बघ," रामराव म्हणाला. "तुझं घर जवळ हाय. तू म्हनशील तवा बंद करीन." त्याच्या बोलण्यात थोडा राग होता, पण तो मागे फिरला नाही. त्याने विचार करून सांगतो असेही म्हटले नाही, आणि आनंदाने कबूलही केले नाही. "औंदाचं साल करून बघू," एवढेच म्हणाला.

तेवढ्यात शंकर उठला. "आबा," तो म्हणाला, "दोन आणे तुमी देताय. पन ते राबवनार हुतो मी. पाव्हणं घरात बसलेत आन् तुमी माझं पाणी वाटताय."

"मग दुसरं काय करू, सांग."

शंकर कुणाकडे न पाहता अंधारात घराकडे निघून गेला. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हेबी तुमी बघितलं ते बरं झालं." मला त्या क्षणी लासुर्ण्याचे ते विटांचे घर आठवले आणि वाटले, तिथेच होकार द्यावा आणि मोकळे व्हावे. इथे मुलगा रागीट, बाप उदार, आणि पाणी पायरीच्या दगडावर अवलंबून.

सकाळी शंकर मला सुप्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत हौसाबाईच्या कांद्यात पाणी फिरत होते. मग तो म्हणाला, "मास्तर, काल बोललो ते खोटं न्हवतं. दोन आणे गेले त्याचं मला वाईट वाटतंय, आन् वाटत ऱ्हाईल. पन आबांनी शब्द दिलाय, तो मी मोडनार न्हाय. ते गेल्यावरबी न्हाय." आणि पुढे म्हणाला, "घरी सांगताना सहा आणे सांगा. आठ सांगू नका."

गाडी सुटली तेव्हा माझे मन ठरले होते. तात्यांच्या पाच शेजाऱ्यांना एक गुंठा सोडवला नव्हता, आणि इथे एकाने आठातले दोन आणे सोडले होते. त्याच्या मुलाने, वाईट वाटत असूनही, तो शब्द पाळायचे कबूल केले होते. माझ्यापुरते तेवढे पुरे होते.

घरी

वहिनींपुढे दोन्ही घरे सांगितली, काही न लपवता. लासुर्ण्याची फरशी आणि दूध ऐकताना त्यांचा चेहरा उजळला, मग पांढरे रान ऐकून तो उतरला. सुप्याचे आणे त्यांना समजेनात. मी जमिनीवर काड्या मांडून समजावले: सोळा काड्या, त्यांतल्या सहा यांच्या. इंजिन, पायरी, झरा, सगळे सांगितले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की मला हे बरेच समजले आहे, आणि थोडा अभिमानही वाटला.

सुमन चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होती. माझे संपल्यावर ती म्हणाली, "नाना, घरातलं पाणी कोण आणतं?"

"घरातलं म्हणजे?"

"प्यायचं, स्वैपाकाचं, गुरांचं. ते त्या सहा आण्यांतलं का वेगळं? आणि विहीर घरापासून किती लांब?"

"ते मी पाहिलं नाही," मी म्हणालो. मी त्या वाडीवर एक दिवस आणि एक रात्र राहिलो होतो. प्रत्येक वेळी माझ्यापुढे भरलेला तांब्या आला होता. तो कुणी आणि कुठून भरला हे मी पाहिले नव्हते. विहिरीवर आम्हा पाच जणांसमोर थेंबाथेंबाची वाटणी झाली होती, पण ते पाणी त्यात कुणी धरलेच नव्हते.

"मग विचारून घ्या," सुमन म्हणाली. "त्यानंतर मी सांगते."

मी गणपतरावांकडे निरोप धाडला. सुप्याच्या बाजाराला गेले तेव्हा ते वाडीवर जाऊन आबांच्या मंडळींशी बोलले, आणि पुढे पुण्याला कामासाठी आले ते आमच्याकडे येऊन गेले. वहिनी आणि सुमन समोर बसल्या. गणपतरावांनी सांगितले: पिण्याच्या पाण्याला हिस्सा नाही, कधीच नव्हता. बैल जुंपायच्या आधी, अगदी पहाटे, तिन्ही घरच्या बायका पोहऱ्याने शेंदतात, पाळी कुणाचीही असो. विहीर घरापासून तीन शेतांच्या अंतरावर. रोजच्या चार खेपा होतात. पाणी पायरीखाली गेले की दोर लांब लागतो आणि हात भरून येतात. आबांच्या मंडळींनी निरोप सांगितला होता, "आता चारी मीच आणते, सून आली तर दोन तिच्या. पन मला काय कायम व्हनार न्हाय, मागनं चारी तिच्यावर येतील. पोरीला हे आधी सांगा."

वहिनींनी सुमनकडे पाहिले.

सुमनने बोटांवर काहीतरी मोजले. आमच्या ओढ्यावर तिच्या रोज तीन खेपा होतात, चढण चढून.

"चढण नाही ना तिथं?" तिने विचारले.

"सगळं सपाट," गणपतराव म्हणाले.

"मग हो म्हणून कळवा," ती म्हणाली, आणि दाराशी ठेवलेली रिकामी घागर उचलून ओढ्याकडे निघाली.